निचरा उत्तम, तरी उगवण विरळ : पोयट्याच्या जमिनीवर दर हंगामात धरणाऱ्या पपडीचे निवारण

तक्रार बहुधा अशी असते. जमीन खोल आहे, तपकिरी आहे, हाताला पिठासारखी मऊ लागते आणि मोठ्या पावसानंतरही दोन-तीन दिवसांत वाफशावर, म्हणजे मशागतीजोग्या ओलीवर, येते. पेरणीपूर्वी मशागत व्यवस्थित झालेली असते, बियाणेही चांगले असते. पेरणीनंतर एक जोरदार सर येते, पाठोपाठ कडक ऊन पडते आणि चार दिवसांनी पाहावे तर सगळ्या शेतावर वाळलेल्या चिखलाची सलग पपडी धरलेली असते. उगवण विरळ होते, पुढच्या पावसाचे पाणी सरींतून वाहून जाते किंवा सखल जागी तुंबते, आणि गंमत अशी की त्या तुंबलेल्या पाण्याखाली चार बोटांवर माती जवळजवळ कोरडी निघते. मग रोटाव्हेटर फिरवून दुबार पेरणी केली जाते आणि पुढच्या हंगामात हाच प्रकार पुन्हा घडतो.

या अनुभवाला सर्रास ‘निचरा बिघडला’ असे म्हटले जाते, आणि तेथूनच उपाय भरकटतो. चर खोदले जातात, खोल नांगरट केली जाते, वाळू टाकण्याचे बेत आखले जातात. वास्तविक खालच्या मीटरभर जमिनीचा निचरा पूर्वीइतकाच चांगला असतो. वाट बंद झालेली असते ती वरच्या काही मिलिमीटरांत, आणि ती बंद होण्यामागे बऱ्याचदा आपण पेरणीपूर्वी केलेली अति बारीक मशागतच असते.

ही जमीन मुळात कशी असते

पोयटा म्हणजे वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड असा मातीचा कण. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वर्गीकरणानुसार त्याचा व्यास ०.००२ ते ०.०५ मिलिमीटर असतो. यापेक्षा मोठा कण वाळूचा आणि लहान कण चिकणमातीचा. या कणांचे प्रमाण निम्म्याहून अधिक असलेली जमीन हाताने ओळखता येते. ओल्या मातीचा गोळा बोटांत चोळला तर तो चिकटण्यापेक्षा गुळगुळीत सरकतो, आणि अंगठ्याने दाबून त्याची पट्टी काढू गेल्यास ती दोन-अडीच सेंटिमीटर होण्याआधीच तुटते.

शेतीच्या दृष्टीने हा कण फार उपयोगी आकाराचा आहे. या कणांमधील पोकळ्या अशा मापाच्या असतात की पावसाचे जादा पाणी खाली उतरते, पण मुळांना ओढून घेता येईल असे पुष्कळ पाणी धरूनही ठेवले जाते. एक मीटर खोलीच्या अशा जमिनीत पिकाला उपलब्ध होणारे पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर भरते. भरड वाळूच्या जमिनीत ते बहुधा ५० ते ८० मिलिमीटरवर थांबते. त्यामुळे तृणधान्ये, मका, कडधान्ये, चारापिके, भाजीपाला आणि विशेषतः बटाटा, गाजर यांसारखी जमिनीत पोसणारी पिके येथे उत्तम येतात, कारण मुळांना व कंदांना वाढताना अडथळा नसतो आणि काढणीही सोपी जाते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९८३ साली ‘अँटिगो सिल्ट लोम’ या मातीला राज्यमातीचा दर्जा दिला, तीही याच जातीची. हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या थरावर पोयट्याचा थर बसून ती तयार झाली आहे आणि मका, धान्ये, चारा व बटाटा यांसाठी ती वापरली जाते.

मात्र या कणाला स्वतःची अशी पकड नसते. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात. शिवाय काही काळ्या चिकण जमिनी वाळल्यावर भेगाळतात आणि भिजल्यावर फुगतात, त्यामुळे बिघडलेली घडण, म्हणजे कणांची लहान रव्यांत झालेली जुळणी, थोडीफार आपोआप सुधारते. वाळूचा कण इतका जड असतो की तो सहजी वाहून जात नाही. पोयटा या दोहोंच्या मधे सापडतो. तो हलका असल्याने उचलला जातो आणि पकड नसल्याने सुटा होतो. चीनमधील लोएस पठारावर वाऱ्याने आणून टाकलेल्या पोयट्याचे प्रचंड थर आहेत, आणि तेथून धुपून जाणाऱ्या मातीनेच पीत नदीला तिचा रंग दिला आहे. अशा जमिनीची रवाळ घडण टिकवण्याचे काम मुळे, बुरशीचे धागे आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य यांनाच करावे लागते. ते कमी झाले की जमीन वरून छान भुसभुशीत दिसत असली तरी आतून निराधार असते.

पपडी कशी धरते

कोरड्या, बारीक केलेल्या मातीवर एकदम पाणी पडले की रव्यांमध्ये ते चारी बाजूंनी शिरते आणि आतली हवा कोंडते. ती दाबाने बाहेर पडताना रवा फुटतो. त्यात पावसाच्या थेंबांचा मार असतो. पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. फुटून सुटे झालेले पोयट्याचे कण पाण्याबरोबर वरच्या पोकळ्यांत उतरतात, त्या बुजवतात आणि सपाट, दाट असा थर बसतो. ऊन पडले की तो आवळतो. त्याची जाडी कधी एखादा मिलिमीटर असते, तर पाणी साचून गाळ बसलेल्या खळग्यांत ती एक-दोन सेंटिमीटरही भरते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की ओली असताना ही पपडी अंकुराला फारशी अडवत नाही. ती वाळत जाते तसतशी तिची ताकद वाढते. पाऊस आणि उगवण यांच्या मधले दोन-तीन दिवस म्हणूनच निर्णायक ठरतात.

आधी निदान पक्के करावे

पपडी दिसली म्हणजे दोष तिचाच, असे धरून चालू नये, कारण तशीच लक्षणे दाखवणारी आणखी तीन-चार कारणे आहेत. पहिली चाचणी अगदी साधी आहे. वाळलेल्या जागेवर खुरप्याची धार आडवी घालून पृष्ठभाग अलगद उचलावा. पपडी असेल तर बशीच्या तुकड्यासारखा पापुद्रा सुटा होऊन हातात येतो. त्याची वरची बाजू गुळगुळीत व फिकट असते आणि खालच्या बाजूला मोकळी, रवाळ माती चिकटलेली दिसते. बहुतेक वेळा त्या पापुद्र्याखालीच एखादा पांढरा, वाकडा झालेला अंकुर सापडतो, आणि मग फारसा वाद उरत नाही.

दुसरी चाचणी मोजमापाची आहे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, म्हणजे कडी, घ्यावा. पपडी न मोडता तो जमिनीत सात-आठ सेंटिमीटर ठोकावा, आत पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरून ४४० मिलिलिटर पाणी ओतावे आणि कागद हळूच ओढून घ्यावा. इतके पाणी म्हणजे त्या क्षेत्रावर २५ मिलिमीटर पाऊस. ते पूर्ण मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. त्याच्याच शेजारी पपडी हलकेच खरवडून काढून दुसरी कडी ठोकावी आणि तीच कृती करावी. खरवडलेल्या जागी पाणी काही मिनिटांत गेले आणि पपडीच्या जागी ते दीर्घकाळ तसेच राहिले, तर दोष पृष्ठभागाचा आहे. दोन्ही ठिकाणी पाणी सारखेच रेंगाळले, तर कारण खाली शोधावे. तुलना करताना दोन्ही जागांची ओल सारखी असली पाहिजे; ओल्या जमिनीत पाणी नेहमीच सावकाश मुरते.

खाली शोधायचे म्हणजे अर्धा मीटर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याची एक भिंत चाकूने वरून खाली टोचत जायची. वीस-पंचवीस सेंटिमीटरवर चाकू एकाएकी अडला, आणि त्याच पातळीवर मुळे काटकोनात वळून आडवी पळालेली दिसली, तर नांगर किंवा रोटाव्हेटर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चालल्याने तेथे घट्ट थर झालेला आहे. प्रयोगशाळेत मातीची घनता मोजता आली तर पोयट्याच्या जमिनीसाठी दर घन सेंटिमीटरला १.४० ग्रॅमपेक्षा कमी ही चांगली आणि १.६५ ग्रॅमपेक्षा जास्त ही मुळांना रोखणारी मानतात. भिंतीवर राखाडी रंगाचे पट्टे आणि त्यांत तांबूस ठिपके दिसले तर त्या खोलीवर पाणी बराच काळ साचून राहते असे समजावे. मग ती जमीन खरोखर उत्तम निचऱ्याची नाही आणि तिचा विचार वेगळा करावा लागेल. निचऱ्याच्या जमिनीचा रंग खोलवर एकसारखा तपकिरी किंवा पिवळसर राहतो.

एक फसवा प्रकार आहे तो सांगायला हवा. पोयट्याच्या थराखाली वाळू किंवा गोटे असतील तर पाणी तेथे चटकन उतरेल असे वाटते. प्रत्यक्षात वरच्या बारीक पोकळ्या पाण्याला इतके घट्ट धरतात की वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरतच नाही. त्यामुळे सीमेच्या वरच्या बाजूला ओल दिसते आणि खालची वाळू कोरडी असते. हा बिघाड नाही. उलट पिकाच्या दृष्टीने ती पाण्याची जादा साठवण आहे, आणि ती ‘सुधारायला’ जाऊ नये.

राहिला सोडियमचा प्रश्न, कारण मातीत तो जास्त असला तरी कण विखुरतात. सुपारीएवढे चार-पाच कोरडे खडे पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने भरलेल्या काचेच्या बशीत ठेवावेत आणि न हलवता पाहत राहावे. विहिरीचे पाणी या चाचणीला चालत नाही, कारण त्यातील क्षार कणांना सुटे होऊ देत नाहीत आणि निष्कर्ष चुकतो. खडा ढासळून त्याची ढिगी झाली पण भोवतीचे पाणी स्वच्छ राहिले, तर घडण कमकुवत आहे. पोयट्याच्या जमिनीत हेच सामान्यतः दिसते. ढासळलेल्या ढिगीभोवती दुधासारखे वलय पसरले आणि ते दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर चिकणमातीचा अंश विखुरतो आहे आणि विनिमयक्षम सोडियमचे, म्हणजे मातीच्या कणांना धरून राहिलेल्या सोडियमचे, प्रमाण तपासून घेणे आवश्यक आहे. ते १५ टक्क्यांपेक्षा अधिक असलेल्या जमिनी चोपण समजल्या जातात.

बी जमिनीत आहे आणि पपडी धरली आहे, आता काय करावे

प्रथम ओळीत पाच-सहा ठिकाणी हातभर लांबीपर्यंत माती काढून बियाणे पाहावे. अंकुर पांढरा, टणक आणि सरळ वर येत असेल तर वेळ आहे. येथे पिकापिकांत फरक पडतो. मका, ज्वारी, गहू यांचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि पातळ पपडी तो भेदतो. तरीही पपडी जाड असली तर मक्याच्या कोंबाचे आवरण मातीखालीच फाटते आणि पाने चुरगळून तेथेच उलगडतात. सोयाबीन, मूग, कापूस यांचे रोप मान वाकवून दोन्ही दले वर ओढत येते. त्याला पपडीचा मोठा तुकडा उचलावा लागतो आणि त्या प्रयत्नात मान मोडली की ते रोप संपते. कांदा, गाजर यांसारख्या बारीक बियांमध्ये तेवढी ताकदच नसते. म्हणून या दुसऱ्या व तिसऱ्या गटात एक दिवसाचीही वाट पाहू नये.

पाणी देण्याची सोय असेल तर सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे तुषार सिंचनाने बारीक थेंबांचे, अगदी हलके पाणी देऊन पपडी दोन-तीन दिवस मऊ ठेवणे. पाणी इतकेच असावे की पृष्ठभाग ओला होईल पण वाहणार नाही. पाटाने भरपूर पाणी सोडल्यास नव्या गाळाचा आणखी एक थर बसतो. पाणी नसेल तर पपडी यांत्रिकपणे मोडावी लागते. ती वरून सुकू लागली आहे पण पूर्ण कडक झालेली नाही, अशा वेळी दाताळ्याने, काटेरी रोलरने किंवा हलक्या दातेरी कुळवाने, बियाण्याच्या खोलीच्या बऱ्याच वर राहून काम करावे. आधी दहा-पंधरा पावले चालवून थांबावे आणि खाली बसून मोजावे की किती अंकुर तुटले. थोडे तुटणारच, पण दहांतले तीन-चार तुटत असतील तर अवजार खोल जात आहे किंवा वेग जास्त आहे. पपडी खूप वाळून तिचे मोठे फलक उचलले जात असतील तर ते रोपांसकट उचलले जातात, आणि अशा वेळी न केलेले काम अधिक बरे.

पुन्हा होऊ नये म्हणून

मी स्वतः या जमिनीत एके वर्षी पेरणीपूर्वी रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या घातल्या आणि वर फळीही मारली, कारण माती पिठासारखी दिसली की मनाला बरे वाटते. त्या हंगामात पहिल्याच सरीनंतर जी पपडी धरली तशी त्याआधी कधी पाहिली नव्हती. बांधालगतचा चार फुटांचा पट्टा यंत्र वळवताना सुटला होता, तेथे ढेकळे राहिली होती, आणि तेथील उगवण सर्वांत चांगली होती. तेव्हापासून पेरणीची ओळ बारीक आणि ओळींमधली जागा खडबडीत, हा नियम मी मोडलेला नाही. बियाण्याला मातीचा घट्ट स्पर्श ओळीत हवा असतो. बाकीच्या पृष्ठभागावर वाटाण्यापासून सुपारीपर्यंतच्या आकाराची ढेकळे असणे फायद्याचे असते, कारण ती थेंबांचा मार घेतात आणि फुटायला वेळ लावतात.

त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे जमीन उघडी न ठेवणे. मागील पिकाचे काड, धसकटे, पालापाचोळा यांनी पेरणीनंतर निदान ३० टक्के पृष्ठभाग झाकलेला राहिला तर धूप आणि पपडी दोन्ही लक्षणीय कमी होतात. दोरीवर ठरावीक अंतराने शंभर गाठी मारून ती ओळींना तिरकी ताणावी आणि किती गाठींखाली काड येते ते मोजावे. तोच आच्छादनाचा टक्का. दोन पिकांच्या मधल्या काळात ताग, धैंचा किंवा एखादे गवतवर्गीय आच्छादन पीक घेतले तर वर पानांचे छत्र आणि खाली मुळांचे जाळे, अशी दुहेरी सोय होते. बारीक, दाट मुळांची गवतवर्गीय पिके रवाळ घडण बांधण्यात शेंगवर्गीयांपेक्षा सरस ठरतात, असे माझे निरीक्षण आहे.

शेणखत व कंपोस्ट यांच्याबाबत अपेक्षा मात्र वास्तवाला धरून असावी. एका हेक्टरवरील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे दोन हजार टन भरते. त्यात सेंद्रिय द्रव्य एका टक्क्याने वाढवायचे म्हणजे वीस टन टिकून राहणारे द्रव्य हवे, आणि घातलेल्या खतातील बराचसा भाग कुजून हवेत निघून जातो. म्हणजे हे काम एका वर्षाचे नाही. त्यामुळे उपलब्ध खत खोल गाडण्यापेक्षा वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये, शक्य तर पेरणीच्या ओळीवर पातळ थराने पसरणे शहाणपणाचे, कारण पपडी तेथेच धरते. हाच हिशेब वाळूला लावून पाहावा. दहा टक्के वाळू मिसळायची तर हेक्टरी दोनशे टन लागेल आणि तेवढ्यानेही पोयट्याचे वर्चस्व मोडत नाही. हा खर्च मी कोणालाही सुचवणार नाही.

जिप्समविषयीही असेच. सोडियममुळे कण विखुरत असतील तर जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि फरक दिसतो. सोडियम नसताना केवळ घडण कमकुवत म्हणून जिप्सम टाकल्यास मिळणारा लाभ अल्पकाळ टिकतो आणि काही पावसांत धुऊन जातो. बशीतील खड्याभोवती वलय दिसले नसेल तर हा पैसा आच्छादन पिकाच्या बियाण्यावर खर्च करावा.

खड्ड्यात घट्ट थर सापडला असल्यास सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारे खोल फाळाचे अवजार, चालवता येतो, परंतु त्या खोलीवरील माती हातात घेऊन दाबली असता भुगा होण्याइतकी कोरडी असेल तेव्हाच. ओल्या पोयट्यात फाळ थर फोडत नाही, तो लिंपत जातो. शिवाय लागलीच खोल मुळांचे पीक न घेतल्यास या जमिनीत फोडलेली पोकळी लवकर बसून जाते. ओल्या शेतात ट्रॅक्टर किंवा भरलेली गाडी न नेणे हे याच सूचनेचे दुसरे टोक आहे. वरची माती दोन दिवसांत सुकलेली दिसते म्हणून फसगत होते. खालची ओल ढेकूळ काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एवढे करूनही फरक पडतो आहे की नाही हे कडीच्या चाचणीनेच ठरवावे. दर वर्षी त्याच ठिकाणी, पेरणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसाने पपडी धरून ती सुकल्यावर, २५ मिलिमीटर पाणी मुरण्याचा वेळ वहीत लिहून ठेवावा. सुरुवातीला वीस-पंचवीस टक्के क्षेत्रावरच नवी पद्धत लावून बाकीचे जुन्या रीतीने ठेवले तर दोन्ही आकडे एकाच पावसातले मिळतात.